घरात तेलुगूच बोलायचं

पालकसभा संपली की एखादी आई मागे रेंगाळायची आणि विचारायची, मॅडम, पोराच्या अभ्यासासाठी घरी काय करू? मी सांगायचे, शाळेतून आला की पाच मिनिटं त्याच्याशी बोला, दिवस कसा गेला ते विचारा, आणि तुमच्या भाषेत विचारा. बाईचा चेहरा पडायचा. तिला ट्यूशन, गाइड असलं काहीतरी हवं असायचं, मॅडमनी आपल्याला वाटेला लावलं असं तिला वाटायचं. पण मी हे कुठल्या प्रशिक्षणात शिकले नव्हते. आमच्या घरी जे झालं नाही, त्यावरून शिकले होते.

आम्ही मावल्यात राहायचो, आदिलाबाद गावाला अगदी लागून, तेलंगणातल्या मराठी बोलणाऱ्या पट्ट्यात. बाबा तहसील कचेरीत कारकून होते. आमच्या घराण्यातले पहिले नोकरदार. त्यांच्या आईवडिलांचा जन्म दुसऱ्याच्या शेतात राबण्यात गेला. बाबांचं शिक्षण मराठीतलं, कचेरीतले जुने शब्द उर्दूतले, तेवढ्यावर त्यांचं बरं चाललं होतं. मग कागद तेलुगूत येऊ लागले. एकदा नव्या साहेबाने सगळ्यांसमोर त्यांच्या हातात एक परिपत्रक दिलं आणि वाचा म्हणाला. बाबा पहिल्याच ओळीत अडकले. साहेबाने तो कागद शिपायाकडून वाचून घेतला. घरी येऊन त्यांनी हे मायला सांगितलं तेव्हा मी तिथेच होते. त्या दिवशी ते जेवले नाहीत. आठवडाभरात माझं नाव मराठी शाळेतून निघून तेलुगू शाळेत गेलं, आणि घरासाठी हुकूम निघाला.

"आजपासून घरात तेलुगूच बोलाचं. नाई तं पोरगी माह्यासारखी कागदापुढं मुकी उभी राहीन."

माय तलमडुगुकडच्या खेड्यातली. तिला तेलुगू येत नव्हतं. मग मी पोरीशी कसं बोलू, असं तिने विचारलं. शिकशील हळूहळू, बाबा म्हणाले. आमच्या ओळखीच्या दोनतीन नोकरदार घरांतही असंच चाललं होतं आणि सगळ्यांना ते शहाणपणाचं वाटत होतं. बाबांना मी आजही वाईट म्हणू शकत नाही. त्याचाच मला जास्त राग येतो, कारण मग तो कोणावर काढायचा?

बाबा कचेरीत असताना आम्ही दोघी बोलू शकलो असतो. सुरुवातीला बोलायचोही. पण मला तेलुगू भराभर यायला लागलं आणि मी बाबांपेक्षा कडक झाले. माय मराठीत काही बोलली तर मी उत्तरच द्यायचे नाही. कडक कसली, आगाऊ होते. मी धडा मोठ्याने वाचायचे तेव्हा ती समोर ज्वारी निवडत बसायची. एक अक्षर कळत नसूनही मान हलवायची, आणि मी थांबले की हात थांबवून माझ्याकडे बघायची.

तिने खरंच शिकायचं मनावर घेतलं. कापूस वेचायला जायची तिथे तेलुगू बाया असायच्या. त्यांच्याकडून एकेक वाक्य विचारून आणायची. मी आठवीत असताना एका संध्याकाळी तिने मला तेलुगूत विचारलं, आज शाळेत काय काय झालं? इतकं मोठं वाक्य तिने पहिल्यांदाच जुळवलं होतं. पण सूर सगळा बाजारातला, कांद्याचा भाव करावा तसा. मला हसू आवरेना. तेवढ्यावर भागलं असतं, पण जेवताना मी बाबांना तिची नक्कल करून दाखवली. बाबाही हसले. माय आम्हाला वाढत होती. तीही थोडी हसली, आणि त्यानंतर तिने मला तेलुगूत कधी काही विचारलं नाही. मराठीत विचारायला तर बंदीच होती.

नववीत मी गणितात नापास झाले. घरी सांगायची हिंमत होईना, म्हणून आठ दिवस शाळा बुडवून बसस्टँडवर बसून राहिले. बाबा विचारायचे, अभ्यास ठीक चाललाय ना? मी झकास तेलुगूत ठीक म्हणायचे. मायला मात्र कळलं होतं, कारण डबा न खाता परत येत होता. एक दिवस ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. काहीतरी बोलणार होती. ओठ हलले, मग डबा उचलून घासायला घेऊन गेली. मला त्या क्षणी तिच्या कुशीत रडायचं होतं. रडायला कुठली भाषा लागते? पण मी पुस्तक उघडलं.

पुढे बाबांच्या मनासारखं झालं. मला सरकारी शाळेत नोकरी लागली. बाबा गेले, माय माझ्याकडे राहायला आली, हुकूम आपोआप संपला. आम्ही मराठीत बोलू लागलो. मीठ कमी आहे, गॅस संपलाय, किल्ली खिडकीत ठेवलीय, एवढंच.

मग एक दिवस ती स्वयंपाकघरात कोसळली आणि तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. दुसऱ्या दिवशी शाळा करून पोचले तेव्हा ती झोपली होती. शेजारच्या खाटेवर इंद्रवेल्लीकडची एक म्हातारी होती, आपलीच मराठी बोलणारी. ती म्हणाली, तुमची माय सकाळपासून बोलून राह्यली, लय गोड बोलते. मग तिने मला माझ्या मायबद्दल सांगितलं. लग्नाआधी ती गाणी म्हणायची. माझ्या अगोदर तिचं एक मूल गेलं होतं. आणि पोटातलं हे दुखणं मागच्या पोळ्यापासूनचं होतं. मी त्याच घरात, तिच्या ताटाला ताट लावून जेवत होते.

माय जागी झाल्यावर मी विचारलं, "मले काऊन नाई सांगितलं?"

ती खरंच उत्तर शोधत होती.

"लपवलं नाई, बाई. तुह्यासंगं बोलाची सवयच नाई राह्यली."

आवाजात राग नव्हता. असता तर भांडता तरी आलं असतं. मी खाटेजवळ बसले. तिनेच विचारलं, शाळा सुटली का? मी म्हटलं, सुटली. त्यानंतर ती अकरा दिवस होती. त्यातले चार शुद्धीवर नव्हती.