करुणाताईंचं पानिपत

पानिपतला जाऊन सुखरूप परत आलेल्या मराठी माणसाने प्रवासवर्णन लिहायलाच हवं, कारण तशी संधी आपल्याकडे फार जणांना मिळालेली नाही. आम्ही दोघी गेलो, फेब्रुवारीतल्या एका रविवारी, मयूर विहारहून, माझ्या छोट्या गाडीने. मी आणि माझी मोठी नणंद करुणाताई. निमित्त लग्नाचं होतं. ताईंच्या.

थोडी ओळख करून देते. माझं सासर मराठी ख्रिस्ती, दिल्लीत दोन पिढ्या मुरलेलं. मी पुण्याची, हिंदू घरातली, इथल्या एका सरकारी कार्यालयात फायली सरकवते. करुणाताई आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, पन्नाशी ओलांडलेली, लग्न केलेलं नाही. माझी लेक त्यांच्या अंगाखांद्यावर वाढली आणि मीही जवळजवळ तशीच.

ताईंना एकच व्यसन. मेट्रोत बसलं की मोबाइलवर अमेरिकेतल्या छोट्या गावांतल्या ख्रिस्ती प्रेमकादंबऱ्या वाचायच्या. हे गाव नेहमी डोंगराच्या कुशीत असतं. तिथे पांढरं चर्च असतं, बंद पडायला आलेली बेकरी असते आणि एक विधुर सुतार असतो. शहरातली दमलेली बाई तिथे येते, बेकरी वाचवते, सुताराची श्रद्धा परत आणते, आणि पहिलं चुंबन शेवटच्या पानावर, तेही प्रार्थना करून. मी चिडवायचे, "ताई, एक वाचली की सगळ्या वाचून झाल्या." त्या म्हणायच्या, "अच्छा? मग तुझ्या सिरियलचं काय?"

तर अशा ताईंना खरोखरच एका विधुराने विचारलं. शांतवनजी मूळचे नगरकडचे, पानिपतच्या एका ब्लँकेट कारखान्यात रंगाईचं खातं बघतात. महिन्यातून एका शनिवारी दिल्लीत मराठी उपासना होते, तिथे ओळख झाली. विचारताना त्यांनी एक अट स्वतःहूनच घातली होती. आधी माझं गाव बघा, मग उत्तर द्या. ताईंनी हो म्हटलं तर फ्लॅट बंद, नोकरीला मुदतीआधी रामराम आणि ताई कायमच्या पानिपतात. मला ते नको होतं. स्पष्टच सांगते, मी सोबत निघाले ती हा बेत मोडता येतो का ते बघायला.

त्यात आदल्या संध्याकाळी भलतंच कानावर पडलं. ताई पोळ्या लाटत होत्या, फोन स्पीकरवर होता. शांतवनजी म्हणत होते, "करुणाबाई, माझी मंडळी तशी लहान आहे, पण मायाळू आहे. तुम्हाला सांभाळून घेईल. तिला विचारल्याशिवाय मात्र मी काही ठरवत नाही."

माझे आजोबा आजीचा उल्लेख जन्मभर "आमची मंडळी" असाच करायचे. म्हणजे या विधुराला बायको होती, तीही लहान, आणि तिच्या परवानगीने हा दुसरं लग्न करणार होता! ताई शांतपणे पोळ्या लाटत होत्या. दिल्लीत वाढलेलं माणूस, त्यांना हा शब्द कुठून कळणार? उद्या वाटेत नीट समजावून सांगू, असं मी ठरवलं. माझा नवरा अजय सोफ्यावरून म्हणाला, "पानिपतला चाललात, जरा जपून." त्याला फक्त इतिहासाची काळजी होती.

रस्त्याचं सांगते. रविवारी सकाळी लवकर निघा. सिग्नेचर ब्रिजवरून मुकरबा चौक, तिथून सरळ पानिपतचा हायवे. सिंघू बॉर्डर ओलांडली की दोन्ही बाजूंना गोदामं आणि त्यांच्या फटींमधून मोहरीची पिवळी शेतं दिसतात. नाश्ता घरी अजिबात करू नका, कारण मुरथलला पराठे खायचेच असतात. ढाबे आता एवढे मोठे झालेत की आत लग्न लावता येईल. तव्यावरचा कांदा-पनीर पराठा आणि वर पांढऱ्या लोण्याचा गोळा. एक पराठा दोघींत पुरतो. आम्ही तीन मागवले. मी धीर गोळा केला.

"ताई, त्यांना मंडळी आहे हे माहीत आहे ना तुम्हाला?"

"बिल्कुल. पहिल्याच भेटीत सांगितलं त्यांनी."

"आणि तुम्हाला चालतंय?"

"चालतंय म्हणजे? मला तर त्यांची तीच गोष्ट सगळ्यात आवडली यार."

मी लोणचं पुढे ओढलं. "लहान आहे म्हणत होते."

"हो ना. आधीचे होते ते एकदम सोडून बंगळूरला निघून गेले. तेव्हापासून हेच सांभाळतात तिला. आणि तिच्याकडून एक पैसा घेत नाहीत."

आधीचेही होते! "ताई, मग या सगळ्यात तुमची जागा कुठली?"

"मी पेटी वाजवेन. तिथे पेटी आहे, पण वाजवणारं कोणी नाही."

लोणी पराठ्यावर विरघळून ताटभर पसरलं. वीस वर्षं ओळखत होते मी या बाईंना, आणि त्या सवतीच्या घरात पेटी वाजवायला निघाल्या होत्या. हे सगळं त्या कादंबऱ्यांनी केलं, अशी माझी खात्री झाली.

पानिपतला जाणाऱ्यांना एक सूचना. गाव जवळ आलं की उड्डाणपुलावर चढू नका, खालच्या रस्त्याला लागा. मी रागाच्या भरात सरळ वर गेले आणि अख्खं पानिपत आमच्या चाकांखालून निघून गेलं. ताई खिडकीतून खाली बघत म्हणाल्या, "मंजिरी, हेच गाव होतं ना?" पुढे बरंच जाऊन यू-टर्न घ्यावा लागला. डोंगराची कूस वगैरे काही नव्हती. होते ते सुताचे गठ्ठे, गठ्ठ्यांनी भरलेल्या ई-रिक्षा, आणि हवेत लोकरीचा बारीक भुगा. नाकाला रुमाल लावा.

शांतवनजी चौकात वाट बघत उभे होते. उंच, किंचित वाकलेले, स्वेटरला कोपरावर रफू केलेलं. नखांच्या कडेला निळा रंग होता, तो म्हणे आता निघतच नाही. माणूस बघताक्षणी आवडावा असा होता, त्यामुळे माझा राग दुप्पट झाला. एका सूत-गोदामाच्या बाजूच्या जिन्याने त्यांनी आम्हाला वर नेलं, दार उघडलं आणि म्हणाले, "या. ही माझी मंडळी."

आत एक लांबट खोली होती. जमिनीवर ब्लँकेटं अंथरलेली आणि त्यांवर बायका, पुरुष, पोरं. ओडिशाचे, झारखंडचे, एक-दोन केरळच्या नर्स, बहुतेक जण इथल्याच कारखान्यांतले. मी बसले आणि यांतली नेमकी कोण, ते शोधू लागले. खिडकीपाशी एक तरतरीत मुलगी होती, तिच्याकडे मी बरंच रोखून बघितलं. तिने बिचारीने मला गाण्यांचं पुस्तक आणून दिलं.

मग शांतवनजी उभे राहून हिंदीत प्रार्थना करू लागले. "हे प्रभु, पानिपत की इस छोटी मंडली को आशीष दे।"

माझ्या डोक्यात उजेड पडायला तेवढा वेळ लागला. ताईंच्या कानाशी लागून मी विचारलं, "मंडळी म्हणजे चर्च?"

"मग? मराठी बायबलमध्ये तोच वर्ड आहे. बाबा वाचायचे ना."

आमच्या घरात वीस वर्षं सगळे "चर्च" म्हणत आले होते. मी पुटपुटले, "ताई, आमच्याकडे मंडळी म्हणजे बायको."

ताईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. मुरथलचं सगळं संभाषण त्यांच्या चेहऱ्यावरून सरकताना मला दिसलं. मग त्यांनी ओढणी तोंडात कोंबली. पण खांदे गदगदा हलत होते, माझेही, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मागच्या बाईंना वाटलं की आम्हाला पवित्र आत्म्याचा स्पर्श झाला. त्या मोठ्याने म्हणाल्या, "हालेलूया!"

उपासना संपल्यावर कढी-भात झाला आणि शांतवनजींनी फोनवर सांगितलं होतं तेच केलं. त्यांनी मंडळीला विचारलं. सगळ्यांसमोर, हिंदीत, कान लाल करून. बहन करुणाला मी लग्नाचं विचारलं आहे, तुमचं काय म्हणणं आहे? खोलीत चुळबुळ झाली. मघाशी हालेलूया म्हणालेल्या बाई जुन्या कपड्यांची बटणं काढण्याच्या कामावर होत्या. त्यांनी ताईंना थेट विचारलं, "दीदी, आप इनको दिल्ली तो नहीं ले जाएँगी? पहले वाले पास्टर जी की मैडम का यहाँ मन नहीं लगा था।"

मी त्या बाईंकडे बघतच राहिले. त्यांना त्यांचा माणूस जाईल याची भीती होती, मला माझं. आम्ही दोघी एकाच कामाला आलो होतो, फक्त त्यांनी ते उघड विचारण्याची हिंमत केली होती. माझं सगळं हसू तिथेच ओसरलं. आता ताईंना माघारी फिरवायला सवतही उरली नव्हती. ताई खरंच जाऊ शकत होत्या.

ताई म्हणाल्या, "सोचकर बताती हूँ।"

दुपारी शांतवनजींनी आम्हाला गाव दाखवलं. पानिपतात परदेशातून जुने लोकरी कपडे येतात, ते रंगावारी निवडून फाडतात, त्यांचा धागा काढतात आणि त्याची ब्लँकेटं विणतात. एका आवारात लाल स्वेटरांचा दुमजली ढीग होता. हरणांचे, बर्फाच्या चांदण्यांचे, कुठल्याशा शाळेच्या नावाचे. ताईंनी एक उचलून उलटसुलट पाहिला. त्यांच्या कादंबऱ्यांतल्या सगळ्या सुतारांचे स्वेटर शेवटी इथे येऊन पडले होते.

"पुस्तकांत हे नाही सांगत," ताई म्हणाल्या.

"याची चादर बरी होते," शांतवनजी म्हणाले. "ऊब टिकते."

काला आंबला जाणं ओघानेच आलं. मराठी माणूस पानिपतला आला आणि तिसऱ्या लढाईचं स्मारक न बघता गेला, हे घरी सांगायची सोय नसते. बाग नीट राखलेली आहे, सावली आहे, पाण्याची बाटली सोबत ठेवा. पुण्याचे एक काका आपल्या कुटुंबाला "इथेच चुकलं बघा" असं हात करून दाखवत होते, जणू त्या दिवशी त्यांचंच कोणी ऐकलं नव्हतं. ताईंनी त्यांना निरागसपणे विचारलं, "कोण जिंकलं होतं?" काकांची मुद्रा मी विसरणार नाही.

तिथल्याच एका बाकापाशी ताईंनी शांतवनजींना उत्तर दिलं. मी लांब जायला निघाले, तर म्हणाल्या, "थांब, तूही ऐक."

"शांतवनजी, नोकरी मी रिटायर होईपर्यंत सोडणार नाही. घर पण नाही. आणि तुम्ही मंडळी सोडायची नाही. शुक्रवारी ऑफिस सुटलं की मी ट्रेनने येईन, सोमवारी पहाटे परत. असं चालत असेल तर माझं हो आहे."

शांतवनजींनी ताईंकडे पाहिलं, मग त्या स्मारकाकडे. या जागी उभं राहून कुठल्याही मराठी माणसाला बरी बातमी मिळाल्याचं माझ्या ऐकिवात नाही, त्यामुळे त्यांचा गोंधळ मी समजू शकत होते.

"पास काढावा लागेल," ते म्हणाले. "मासिक पास." मग स्वेटरची बाही खाली ओढत, "शुक्रवारी गाडीला फार गर्दी असते. मी स्टेशनवर येत जाईन."

बस, एवढंच. गुडघ्यावर बसणं नाही, चुंबनाचं तर नावच नको, पुण्याचे काका अजून तिथेच होते. ताईंनी पर्समधून रुमाल काढला आणि नाक शिंकरलं. लोकरीचा भुगा, असं म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर हायवेच्या दुकानांतून ब्लँकेटं घेतली. थंडी संपत आली की भाव पडतात, तरी घासाघीस कराच. पचरंगा लोणच्याची बरणीही घ्या, पण झाकण तपासा, आमची डिकी अजून मोहरीच्या तेलाने महकते आहे. रविवारी संध्याकाळी सिंघू बॉर्डरला सगळी दिल्ली एकदम घरी परतते, तेव्हा तास-दीड तास जादा धरून चाला. मला त्या गर्दीचं काही वाटलं नाही. ताई शेजारी झोपल्या होत्या आणि गाडी जेवढी रेंगाळेल तेवढी बरी.

काय पाहिलं, असं कोणी विचारलं तर सांगण्यासारखं थोडंच आहे. गाव सुंदर नाही. पण मी ज्या माणसाला नापसंत करायला गेले होते, त्याच्यात मला एकही खोट सापडली नाही, आणि त्याचा मला अजूनही थोडा राग आहे. ताई पूर्ण जाणार नाहीत, अर्ध्याच जातील. अर्धं जाणंही जाणंच असतं. शनिवार-रविवार वरच्या मजल्यावर दिवा नसेल, आणि चहाला हाक मारायला कोणी नसेल.

लिफ्टमध्ये ताई दोन्ही हातांत ब्लँकेटं धरून उभ्या होत्या. आमचा मजला आला, मी बाहेर पडले, तेव्हा त्यांनी पायाने दार अडवून धरलं.

"मंजिरी, बाबा तर नाहीत. लग्नाच्या दिवशी चर्चच्या दारापासून पुढपर्यंत मला कोण नेणार? अजय रडत बसेल. तू चल माझ्याबरोबर."

"मी? अहो ताई, मी तर..."

"हिंदू आहेस, माहीत आहे यार. चालता येतं ना?"

ज्यांना परत घेऊन यायचं म्हणून मी दिवसभर गाडी हाकली, त्यांना आता माझ्याच हाताने नेऊन द्यायचं होतं. मी हो म्हटलं. लिफ्टचं दार बंद झालं, ताई वर गेल्या, आणि मी चपला न काढता जिन्याच्या पायरीवर बसून पोटभर रडले.