आत्याच्या पांढऱ्या कोंबड्या

विचुंब्यात माझ्या आत्याचं कौलारू घर होतं, पुढे मोठं अंगण होतं, तेव्हाची ही गोष्ट. अंगणात तिच्या गावठी कोंबड्या फिरायच्या, सगळ्या मातकट, ठिपक्याठिपक्यांच्या. अधूनमधून एखादं पांढरं पिल्लू निघायचं, पण टिकायचं नाही. वर घार घिरट्या घालायची आणि मातीवर जे उठून दिसेल ते उचलायची.

नेमकं तसलंच एक पिल्लू माझ्या चौथीतल्या लेकीला आवडलं. रविवारी नवीन पनवेलहून आम्ही स्कूटरने जायचो. गाडी थांबायच्या आत ही "आहे ना गं?" ओरडत आत्याकडे पळायची.

मी बारावी सायन्स. त्या जोरावर तिला निसर्गाची निवड समजावली. "घार काही ठरवून करत नाही. दिसतं ते जातं, लपतं ते उरतं. उरलेल्यांनाच पुढे पिल्लं होतात, ती बहुतेक त्यांच्यासारखीच. म्हणून अंगणभर मातकट."

तिने शांतपणे ऐकून घेतलं. "मग बाबा, हिला मातकट करू या."

झालं! बायकोदेखत मी तांबडी माती कालवून पिल्लू माखत बसलो. ते अंग झाडायचं, निम्मी माती माझ्या चष्म्यावर.

"बाला, घार आता तुलाच नेल," आत्या म्हणाली. पण आठवडाभर कुरकुरत तीच माती लावायची.

पिल्लू वाचलं. त्याची कोंबडी झाली, अंड्यांवर बसली, आणि निम्मी पिल्लं पांढरीशुभ्र निघाली. लेक माझ्यावरच चिडली. "एवढी माती लावली, तरी पिल्लं पांढरी कशी?" अंगाला लावलेली माती अंड्यात उतरत नाही, हे सांगून मी मुकाट पुन्हा माती कालवायला घेतली. दर खेपेला एखाददुसरं पांढरं वाचायचं. तेवढ्यावर तिच्या कोंबडीचा वंश चालला.

मग त्या जागेवर इमारत आली. आत्या तळमजल्यावर आणि कोंबड्या पार्किंगमध्ये. छताखाली घार येईना. आता भीती रिव्हर्स घेणाऱ्या गाड्यांची. त्या काळोखात मातकट कोंबडी कुणाला दिसतच नाही. पांढरी दिसते, ब्रेक लागतो.

परवा गेलो तर सगळीकडे पांढऱ्याच. आमच्या त्या कोंबडीच्या नाती-पणत्या. कोपऱ्यात एकच ठिपक्यांची उरलेली. तिला बघून मला ते अख्खं अंगण आठवलं, उन्हात तापलेल्या मातीच्या वासासकट.

लेक आता पुण्याला हॉस्टेलवर असते. तिला व्हिडिओ कॉल लावून कोंबड्या दाखवल्या. मला वाटलं, नाचेल. तिने फोन कोपऱ्याकडे वळवायला लावला.

"बाबा, त्या ठिपकेवालीला काहीतरी पांढरं लावा ना."

मी निमूटपणे आत्याकडे तांदळाचं पीठ मागितलं.

"पीठ नको," आत्या म्हणाली, "बाकीच्या टोचून टोचून खातील तिला. थांब, माजी जुनी पांढरी ओढणी हाय, तिची पट्टी बांदू." आणि कात्री आणायला आत गेली.