ट्रिम की कट?

कोपऱ्यावरच्या सलूनवाल्या दादांचं इंग्रजी दोनच शब्दांचं होतं, पण त्या दोन शब्दांत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. ट्रिम आणि कट. नवं गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं की दादा समजावत, "ट्रिम केलं तर घरी बायको विचारते, 'केस कापले का?' कट केलं तर विचारते, 'कोण पाहिजे आपल्याला?' बोला, काय करू?"

बहुतेक जण ट्रिमच सांगत. माणसाला बदल हवा असतो, पण ओळखीतला, असं दादांचं मत होतं.

अशात त्यांच्या बायकोचा उजवा खांदा आखडला. हात कानाच्या वर जाईना. कमरेपर्यंतची वेणी घालायला रोज सकाळी सुनेची वाट पाहत बसावं लागे. सून बिचारी डबे भरता भरता यायची, पण तिचं "आले हं, आई" आणि प्रत्यक्ष येणं यांच्यामध्ये चहा गार होऊन जायचा. शेवटी सुट्टीच्या दिवशी बाई दुकानात जाऊन थेट खुर्चीत बसल्या.

"कट करा. मानेपर्यंत."

दादा कात्री हातात घेईनात. या वेणीला त्यांनी उभ्या संसारात कात्री लावली नव्हती. "अगं, आधी ट्रिम करून बघू. चार बोटं."

"चार बोटांनी माझा हात वर जाणार आहे का?"

"तसं नाही, पण पुढे विचार बदलला तर?"

"विचार तुमचा बदलायचाय. माझा झालाय करून." बाईंनी आरशातूनच नवऱ्याकडे पाहिलं. "ट्रिम म्हणजे तुम्हाला आवडतं तसं. कट म्हणजे मला जमेल तसं. कळला फरक?"

दादांनी बाईंच्या खांद्यांवर कापड टाकलं, वेणी मुठीत धरली. नेहमी कचाकचा चालणारी कात्री अडखळत चालली.

"दाढ दुखतेय का?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग तोंड का असं?"

काम झालं. दादा सवयीने भांग पाडायला गेले, तर बाई म्हणाल्या, "द्या इकडे ती फणी." त्यांचा हात कानापाशी येऊन थांबला. मग त्यांनी मानच कलती केली, फणी फिरवली, आणि फिरेपर्यंत केस संपलेही. भांग जरा वाकडा पडला.

तो सरळ करायला दादांचा हात पुढे झाला. मग त्यांनी तो मागे घेतला आणि मागून आरसा धरला.