अभिनवचा राहिलेला पेपर

वल्लरी शाळेच्या ब्लेझरमध्येच युनिव्हर्सिटीत जायची. हॅमिल्टनला हुशार मुलांना शेवटच्या वर्षी शाळा सांभाळून तिथला एखादा विषय घेता येतो. विषयाला इथे पेपर म्हणतात. आजूबाजूची मोठी मुलं जँडल्स, म्हणजे रबरी चपला, फटकारत वर्गात यायची आणि ही मान खाली घालून गणित उतरवत बसायची. लोक मेधाला म्हणायचे, लेक हुशार हो! मेधा, म्हणजे तिची आई, माझी शेजारीण. कुंपणाला कुंपण लागून घर. ते कौतुक ऐकलं की माझ्या मात्र अंगाची लाही व्हायची. या मुलीला वेड होतं कापडाचं, रंगांचं, शिवणाचं. वेलिंग्टनला डिझाइन शिकायला जायचं, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

हा पेपर तिच्या भावाचा होता. अभिनव २००४ साली असाच शाळेतून वर्गाला जायचा, स्वतः गाडी चालवत. जूनमधल्या, म्हणजे इथल्या हिवाळ्यातल्या, एका संध्याकाळी घरी येताना धुक्यात गाडी रस्ता सोडून गेली. शिकवून झालं होतं, परीक्षा तेवढी राहिली होती.

दहाव्याला ऑकलंडहून गुरुजी आले. मागच्या अंगणात पिंड ठेवला. आता हॅमिल्टनमध्ये कावळा आणायचा कुठून? गुरुजींनी दर्भाचा कावळा करून आणला होता. शास्त्राला तो चालतो. पण मुलांचा बाप प्रमोद हट्टाला पेटला. "खरा पक्षी शिवल्याशिवाय मी उठणार नाही." इंजिनियर माणूस! हात जोडून एकेक कबूल करत गेला. आईला जपेन. तुझी गिटार कुणाला देणार नाही. एक पाखरू फिरकेना. शेवटी म्हणाला, "तुझा पेपर राहिलाय ना? वल्लरी देईल."

कुंपणावरून एक मॅगपाय उतरला, काळापांढरा, आणि भाताला चोच मारून गेला. तो मेला रोज आमच्या डेकवरचा पाव पळवतो! पण त्या घडीला हे सांगणार कोण? वल्लरी भिंतीला टेकून बापाकडे बघत होती. तिला कुणी विचारलंसुद्धा नाही.

दोन वर्षांनी ती त्या वर्गात जाऊन बसली. "हा एक पेपर दे, मग तू मोकळी," असा प्रमोदने शब्द दिला होता. तिला गाडी शिकू देत नव्हता. स्वतः सोडायचा आणि वर्ग सुटेपर्यंत पार्किंगमध्ये बसून राहायचा. ती मागे बसायची, पुढची सीट रिकामी. एकदा मी बरोबर होते. सवयीने पुढचं दार उघडलं, तर बापलेक दोघंही माझ्याकडे असे बघायला लागले की मी मुकाट्याने मागे गेले. त्या गाडीत मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू?

निकाल लागला त्या दिवशी मी त्यांच्याकडेच होते. मार्क उत्तम. प्रमोदने फोटोला हार घातला, ढसाढसा रडला, आणि दिल्या शब्दाला जागला. "झालं बेटा. तो सुटला. आता तू वेलिंग्टनचा अर्ज भर. हवं ते शिक."

मला वाटलं, सुटली बाई पोर एकदाची.

वल्लरी जागची हलली नाही. "आय अ‍ॅम नॉट गोइंग, बाबा. मला पुढचा पेपर घ्यायचाय. मॅथ्सचाच."

"अगं, पण का?"

"दादा येतो तिथे. एव्हरी टाइम. माझ्या बाजूला बसतो. मी चुकले की पेन आपटतो. मी नाही गेले तर तो कुणाकडे येणार?"

मी तोंड उघडलं. म्हणणार होते की पोरी, हे मनाचे खेळ आहेत, आपण डॉक्टरांना दाखवू. तेवढ्यात मेधा साखरेची वाटी खाली ठेवून तिच्याजवळ जाऊन बसली. मुलगा गेल्यापासून तिने त्याचं नाव काढलं नव्हतं. वल्लरीचा हात हातात घेऊन तिने अगदी हळू विचारलं,

"बारीक झालाय का गं?"

वल्लरी आईकडे बघत राहिली. "नाही आई," ती म्हणाली. "तसाच आहे."

"मग जात जा गं बाई," मेधा म्हणाली. "एकही दिवस चुकवू नकोस."