मरळीच्या पोटातले किडे

शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद. बाबांची आठवड्यातली तेवढीच सुट्टी, आणि ती सगळी कामवारी नदीच्या नावाची. गळ घेऊन पहाटे निघायचे, दुपारपर्यंत एखादी मरळ घेऊन यायचे. मासा काठावरच चिरून, पोट साफ करून, स्वच्छ धुऊन आणायचे. आईला नुसतं हळद-मीठ लावायचं काम. शेजारणी म्हणायच्या, "नशीब काढलंस बाई!" आई लाजायची. त्या आंबट-तिखट कालवणाची आठवण आली की अजून ताटातलं दुसरं काही गोड लागत नाही.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलं आणि दीडशहाणी झाले. "मासा अख्खा आणा, मला आतून बघायचाय," म्हणून बाबांच्या मागेच लागले. दोन शुक्रवार त्यांनी टाळलं, तिसऱ्या शुक्रवारी आणला. पेपर पसरून मी मरळीचं पोट फाडलं, तर आतड्यात पांढरे किडे वळवळत होते. मला काय तो आनंद! आईला हाताला धरून ओढत आणलं. तिने बघितलं आणि तोंडाला पदर लावून मोरीकडे धावली.

"अगं, ते आतड्यात असतात, मांसात न्हाय," बाबा म्हणाले. "इतकी वर्सं मी काठावरच काढून टाकतोय. नीट शिजवल्यावर काय होतंय?" सरांनीही वर्गात हेच सांगितलं होतं. पण नदीचा मासा आईच्या घशाखाली परत उतरला नाही. आणि माझ्याही नाही, मेलं ते शिक्षण!

बाबा तरी दर शुक्रवारी जायचेच. रिकाम्या हाताने यायचे, "लागला न्हाय" म्हणायचे. एकदा मी डबा द्यायला गेले, तर गळाला लागलेली चांगली हातभर मरळ ते सोडवून हळूच पाण्यात सोडत होते. "बाबा, घरी आणा," एवढंच म्हणायचं होतं. मी डबा घेऊन तशीच मागे फिरले.

पुढे नदीत कपडा रंगवायच्या कारखान्यांचं पाणी यायला लागलं, मासे संपले. मग बाबाही गेले.

त्यानंतर एकदा धामणकर नाक्यावर तळ्यात वाढवलेली मरळ दिसली. मासेवाली साफ करायला बसली, तिला म्हटलं, "राहू दे मावशी, अख्खीच द्या." आई बाहेर गेलेली बघून मोरीत बसून पोट चिरलं. एकही किडा नव्हता. आतडं पुन्हा पुन्हा उलगडून बघितलं. एक तरी निघायला हवा होता हो. गुपचूप काढून टाकला असता, आईला सांगितलंच नसतं.