झेल्यात सापडलेली कंपनी

माझ्या मुलीच्या हळदीला मी एक कंपनी पकडली. आंबे काढायच्या झेल्यात. पकडून तिच्यावर तांब्याचं घंगाळ पालथं घातलं आणि त्या घंगाळावर स्वतः बसलो. पुढे जे झालं ते आमच्याकडे अजून गाऊन सांगतात. म्हटलं, लोकांनी गाण्यापेक्षा आपणच एकदा सरळ सांगून मोकळं व्हावं.

माझं कर्जतला पाण्याच्या मोटारी रिवाइंडिंग करायचं दुकान आहे आणि घर खालापूरच्या रस्त्याला, गावात. सरकार आणि कंपनी या दोघांवर माझा काडीचा विश्वास नाही. याला कारण आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी तिपाई आणि दुर्बीण घेऊन माणसं आमच्या टेकडीवर फिरायला लागली. विचारलं तर म्हणाली, "काका, नुसतं मोजतोय." मी त्याच दिवशी देवळाच्या पायरीवर बसून सांगितलं, "नुसतं कुणीही मोजत नसतं!" सगळे हसले. मग दगड रोवले गेले. मग त्यांना लाल रंग लागला. मग तारेचं कुंपण, लोखंडी फाटक, आणि फाटकात एक शिट्टीवाला, जो आम्हालाच विचारतो, "किसके पास जाना है?" अरे, आमच्या देवीकडे जायचंय! टेकडीवर आईचं ठाणं आहे, तिथे जायची वाट त्या फाटकातून जायची. आता आम्ही ओढा ओलांडून लांबून जातो. तेव्हापासून गावात माझ्या शब्दाला वजन आलं. (घरात अजून यायचं आहे.)

माझी आत्या, बायजाबाई, आमच्या भागातली धवलारीण. म्हणजे लग्नात धवला गाणारी बाई. आमच्याकडे भटजी उशिरा आला तर चालतो, पण धवलारीण आली नाही तर हळकुंड जात्यात पडत नाही. ती आधी देवांना बोलावते, मग पाण्याला, उंबराच्या फांदीला, आणि मग घरातल्या एकेका माणसाचं नाव गाण्यात ओवते. तिच्या तोंडी तुमचं नाव आलं तर तुम्ही लग्नाला आलात, नाहीतर नुसते जेवून गेलात! यातलं काही कुठे लिहिलेलं नाही. तिला तिच्या आईने शिकवलं, आईला तिच्या आईने. आता आत्या थकली आहे. माझ्या प्राचीचं लग्न ठरलं तेव्हाच तिने सांगून टाकलं, "दत्त्या, गळा गेला रं माजा. पराचीची हळद शेवटची. मग मी गायची नाय."

प्राचीला वाटलं, आजीचा आवाज जपून ठेवावा. (ती आत्याला आजीच म्हणते.) माझ्या पुतण्याच्या लग्नात तिने आजीच्या धवल्याचा व्हिडिओ काढला होता. तो हळदीच्या आदल्या दिवशी तिने इंटरनेटवर टाकला. संध्याकाळी ती फोन घेऊन माझ्याकडे आली.

"बाबा, हे काय आलंय बघा. या व्हिडिओतल्या संगीताचे हक्क एका कंपनीकडे आहेत म्हणे."

कंपनी. हक्क. माझ्यासाठी हे दोन शब्द पुरे होते.

"बंद कर!" मी ओरडलो.

"अहो, पण ऐकून तरी बघू ना, नक्की कुठलं..."

"ऐकायचं नाही! आपण ऐकलं की त्यांना कळतं आपण ऐकलं म्हणून!"

"बाबा, असं कुठे असतं?"

"नुसतं मोजतोय म्हणालेले तेव्हाही तू असंच म्हणाली होतीस!"

तेव्हा ती चौथीत होती, पण मुद्दा तो नव्हता. मी घरातले सगळे फोन गोळा केले आणि तांदळाच्या डब्यात खोल पुरून टाकले. माझाही. आता माझ्या फोनचं असं आहे की दुकानात मोटारी घरघरत असतात, त्यामुळे साधी घंटी मला ऐकू येत नाही. म्हणून मी एका सिनेमातलं ढोल-ताशासकट गाणं लावून ठेवलेलं. ते तांदळातूनसुद्धा ऐकू येऊ लागलं. एकदा वाजलं, दुसऱ्यांदा वाजलं, डबा फळीवर नाचायला लागला.

"अहो, घ्या की तो फोन!" आमची सुरेखा म्हणाली. "उद्या घरात कार्य आहे. कुणाचं काय काम असेल!"

"घ्यायचा नाही! आवाज ओळखतात!"

"तुमचा आवाज ओळखायला कंपनी कशाला पाहिजे? नाक्यापर्यंत ऐकू येतोय!"

या गोंधळात आत्या कधी दारात येऊन उभी राहिली ते आम्हाला कळलंच नाही. तिने सगळं ऐकलं होतं.

"कंपनीनं गानं नेलं?"

ती उंबऱ्यावरच बसली.

"वाट नेली तवा मी गप ऱ्हायले. लांबून जाते अजून आईला, गुडघे मोडत. पन गानं कसं नेलं रं, दत्त्या? ते तं माज्या तोंडात हाय. माज्या आयेनं दिलं. कंपनी कवा आलेली आमच्या मांडवात?"

आता इथे कुठल्याही शहाण्या माणसाने तिला धीर दिला असता. मी म्हणालो, "आत्या, आता तोंडातलंच नेतात. आज नोटीस, उद्या जप्ती."

आत्याने पदराने तोंड झाकलं. "मंग मी गायची नाय. माज्यापायी पोरीच्या लग्नात पोलिस नको."

माझा जीव चरकला. पण मागे फिरणार कसा? मी स्वतःच तर हे सगळं समजावून सांगितलं होतं!

दुसऱ्या दिवशी अंगणात मांडव सजला, जातं धुऊन ठेवलं, त्याच्या खुंट्याला हळकुंड बांधलं. गावातल्या बायका जात्याभोवती बसल्या आणि आत्याकडे बघत राहिल्या. आत्या जमिनीकडे बघत राहिली. जात्याला कुणी हात लावेना. प्राची पाटावरून उठली आणि थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळ्यांत पाणी.

"आजी गाणार नसेल तर मला हळद लावू नका. कुणीच लावू नका."

"अगं, कॅसेट लावू आपण एखादी," मी म्हणालो.

"ती कुणाच्या कंपनीची?"

कॅसेट बाद झाली. पण योजना होती! मी जातं उचलून माजघरात नेलं, बायकांना आत कोंबलं, दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि आत्याच्या पाया पडलो. "आत्या, हळू गा. कानात सांगितल्यासारखं गा. बाहेरचं मी बघतो." मग विहिरीवरचं डिझेल इंजिन चालू केलं, गाण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. इंजिन जुनं, त्यामुळे आवाजापेक्षा धूर जास्त. तो खिडकीच्या फटीतून माजघरात गेला. आत आत्या देवांना हळू आवाजात बोलावत होती आणि बायका खोकून हुंकार देत होत्या.

मी अंगणात पहारा देत होतो. हातात काठी हवी म्हणून आंब्याला टेकवलेला झेला घेतला. बांबूच्या टोकाला जाळी, जाळीत एक पाडाचा आंबा तसाच अडकलेला. मनात आलं, काय ही वेळ! आपल्या घरात, आपल्या पोरीच्या हळदीला, आपल्या आईबापांचं गाणं चोरून गायचं? मला खरोखर रडू येत होतं. (थोडं धुरामुळेही असेल.)

आणि तेवढ्यात वरून घूंऽऽ असा आवाज आला.

ड्रोन! आम्ही लग्नाला ड्रोन सांगितलेला नव्हता. मागे गावठाणावर असाच एक फिरून गेला होता, तोही 'नुसतं मोजायला'. हा मांडवावरून सरकला, माजघराच्या खिडकीसमोर आला आणि तिथेच थबकला. ऐकत होता मेला!

"सुरेखा! आले!" मी बोंब मारली आणि झेला उचलला. आंबे काढण्यात माझा हात कुणी धरत नाही. पहिल्याच हिसक्यात ड्रोन जाळीत, आंब्यासकट! खाली आणला, त्याचे पंख जाळीत गुरफटून करकरत होते. मी झेल्याची दोरी तोडली, जाळीसकट तो जमिनीवर आपटला, वर घंगाळ पालथं घातलं आणि बसलो. आतून भुंग्यासारखी कुरकुर येत होती.

सुरेखाने धावत जाऊन इंजिन बंद केलं. माजघरातलं गाणं थांबलं. त्या शांततेत आमच्या अंगणाच्या फाटकाशी माणसं दिसली. शेलूहून नवरदेवाचे मामा, हातात उष्ट्या हळदीची वाटी, मागे त्यांच्या घरच्या बायका, आणि एक माणूस रिकामा रिमोट घेऊन आभाळाकडे बघत असलेला.

"राम राम व्याही," मामा म्हणाले. "दारं लावून बसलाव? आमचा ड्रोन हिकडं उतरला का?"

घंगाळ कुरकुरलं.

"नाही बुवा," मी म्हणालो.

"घंगाळात काय हाय?"

"पाणी तापतंय."

"पालथ्या घंगाळात?"

मी उठलो. काय करणार! मामांनी घंगाळ उचललं, जाळी पाहिली, ड्रोनचा मोडलेला पंख पाहिला, आंबा पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

"कालपास्नं फोन करतोय तुमाला. ड्रोन आनतोय, सांगावं म्हनून. तुमी फोन उचलंना. आज हळद घिऊन आलो तं दारं बंद, नि वरनं हे! लग्न करायचं नसंल तं तसं सांगा. आमी हळद माघारी नेतो."

उष्टी हळद माघारी! आमच्याकडे याचा अर्थ एकच होतो. मी तोंड उघडलं आणि कंपनी, हक्क, नोटीस, टेकडी, सगळं एका दमात सांगितलं. मामांना त्यातलं अक्षर कळलं नाही. ते वळायलाच निघाले.

"थांबा मामा!"

माजघराचं दार उघडून प्राची बाहेर आली. हातात तिचा फोन, फोनला तांदळाचे दाणे चिकटलेले. "माझ्या लग्नाचं आहे, तर मी ऐकणारच. सगळ्यांनी ऐका." आणि तिने तो व्हिडिओ लावला.

आत्याचा आवाज आला. स्वच्छ, खणखणीत. ती उंबराच्या फांदीला बोलावत होती. मामांबरोबर आलेल्या बायकांनीही माना डोलावल्या. आणि फांदी मांडवात येते न येते तोच मध्येच धडाड्धूम ढोल-ताशा सुरू झाला आणि सिनेमातलं गाणं वाजायला लागलं. बराच वेळ वाजलं.

"ह्ये कोनाचं?" मामांनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणालो. खरंच माहीत नव्हतं हो! आपलीच घंटी दुसऱ्याच्या फोनमधून ओळखू येत नाही.

मामांना त्या गाण्यात रस नव्हता. त्यांचा अपमान अजून ताजा होता. "मी खोटं बोलत नाय. हा बघा, परत लावतो तुमचा फोन," म्हणत त्यांनी सगळ्यांसमोर माझा नंबर फिरवला.

स्वयंपाकघरात तांदळाचा डबा नाचायला लागला. धडाड्धूम! तोच ढोल, तोच ताशा, तेच गाणं.

अंगणातल्या प्रत्येक माणसाने आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं, मग प्राचीच्या फोनकडे, आणि मग सावकाश माझ्याकडे.

"बाबा," प्राची म्हणाली, "कंपनीने हक्क सांगितलाय तो तुमच्या रिंगटोनवर."

मी जिला आभाळात शोधत होतो ती कंपनी पुतण्याच्या लग्नात माझ्याच सदऱ्याच्या खिशात वाजत होती! पहिले हसले ते मामा. हसता हसता त्यांच्या हातातली वाटी हिंदकळली आणि पहिली उष्टी हळद नवरीच्या आधी माझ्या सदऱ्याला लागली.

आत्या मात्र हसली नाही. ती माजघराच्या उंबऱ्यात उभी होती.

"म्हंजी माजं गानं नाय नेलं?"

"नाही गं आजी! तुझंच आहे, कुणी नाही नेलं!"

आत्याने डोळे पुसले. आणि मग एकदम तिच्या कपाळाला आठी पडली.

"म्हंजी त्यांनी माजं ऐकलंच नाय? मी येवढी घसा फोडून गायले, नि मेल्यांना ह्याचा फोन ऐकू आला?"

"आत्या, तसं नाही..." मी सुरुवात केली.

"तू बोलू नको रं! दारं उघडा गं! जातं भायेर घ्या!"

जातं मांडवात आलं. आत्या जी गायली, तो गळा गेलेला नव्हता. फाटकातल्या शिट्टीवाल्यापर्यंत ऐकू गेला असेल. देव आले, पाणी आलं, फांदी आली. नवऱ्याकडच्यांची नावं आली, मामांचं आलं, त्या रिकाम्या रिमोटवाल्याचंही आलं. प्राचीच्या गालाला हळद लागली. ती रडत होती आणि हसत होती, आणि मीही. मग आत्याने माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या आईनेही कधी गायलं नसेल असं काहीतरी गायलं:

"मांडवाच्या दारी गो, झेला घिऊन कोन गो?
नवरीचा बाप त्यो, तांदळात वाजं फोन गो!"

आत्याची ती शेवटची हळद ठरली नाही. उलट तिला आता लांबलांबून बोलावणी येतात, आणि सगळीकडे या दोन ओळींची मागणी होते. दुसऱ्या बायकाही गायला लागल्यात. नेरळला मी एका लग्नात मुकाट्याने जेवत होतो, तर तिथेही मांडवाच्या दारी गो! दुकानात गिऱ्हाईक मोटार ठेवतं आणि विचारतं, "तांदळाचा डबा बरा हाय ना, शेठ?"

सरकार आणि कंपनीवर माझा अजूनही विश्वास नाही. मोजायला आलेला माणूस दिसला की मी अजूनही मागे लागतो. पण रोज दुकान बंद केल्यावर प्राचीला फोन करून न चुकता विचारतो, की त्या दोन ओळींवर कुणी हक्क सांगितला का, गाण्यावर बंदी आली का. नाही म्हणते. आमची टेकडी नेली, देवीची वाट नेली, ओढ्यावरही डोळा आहे म्हणतात. एवढ्या दोन ओळी न्यायला मात्र एकही कंपनी पुढे येत नाही. आली तर उभ्या उभ्या कागदावर अंगठा देतो, आणि वर झेलाभर आंबे!