सईबाईंची वाटून गेलेली सुट्टी

वेस्ट मांबलममध्ये आमच्या वरच्या मजल्यावर सईबाई राहतात. घराणं तंजावरचं. टेलिफोन खात्यात नोकरी केली, लग्न केलं नाही. मी पुण्याहून इथे तमिळ मुलखात आले, तेव्हा त्यांचं मराठी ऐकून चक्रावले होते. अर्धे शब्द बखरीतले, अर्धे तमिळ. उन्हाला त्या आजही वेय्यिल म्हणतात. जीभ तिखट. वॉचमनपासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळे त्यांना वचकून असतात.

मे महिन्यात मात्र बाई बदलायची. भाच्याची मुलगी, हरिणी, सुट्टीभर त्यांच्याकडे राहायला यायची. मग गच्चीवर वडाम. वडाम म्हणजे आपल्या कुरडयांचीच तमिळ बहीण. सईबाई पहाटे पीठ शिजवून सोऱ्यातून धोतरावर घालायच्या आणि हरिणी काळी छत्री घेऊन कावळे राखायची. गच्चीवर फक्त मराठी, असा दंडक. एरवी तमिळ आणि इंग्रजीत वावरणारी ती पोरगी जूनपर्यंत सईबाईंसारखंच बोलायला लागायची. पुढे हे मराठी बोलणारं घरात तीच एक उरणार, हे सईबाईंना ठाऊक होतं.

गेल्या वर्षी हरिणीच्या शाळेने लांब सुट्टी मोडली. तिचे तुकडे करून वर्षभर वाटले. मे महिन्यातही एसी वर्ग चालू. हरिणीची आई सुष्मिता पेरुंगुडीला आयटीत आहे. तिला हे पटलं, आणि तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पोर जूनमध्ये गणित विसरून यायची. शिवाय सत्तरी ओलांडलेल्या बाईवर मूल टाकायचा तिला संकोच वाटे. सईबाईंना कुणी विचारलं नाही, एवढंच. त्या वर्षी मे महिन्यात त्यांनी वडाम घातले नाहीत. कावळे मी राखते म्हटलं, तर माझ्यावरच वैतागल्या.

ऑक्टोबरच्या छोट्या सुट्टीत हरिणी आली. दोनच दिवसांत पाऊस लागला. वेलचेरीत आपल्या घराच्या गल्लीत पाणी भरायच्या आत मुलीला न्यावं म्हणून सुष्मिता दुपारीच आली. मी वर गेले होते. बघते तर काय, हॉलभर जुनी धोतरं अंथरलेली, त्यांवर ओले वडाम, पंखा फुल्ल. आंबूस वास सुटला होता. आयुष्यभर वडाम घातलेली बाई पावसात ते घालते, हे बघून मला आधी हसू आलं, आणि मग माझीच लाज वाटली.

सुष्मिताने काळजीने विचारलं, की आत्या, हे वाळणार कसं?

"वाळणार नाहीं. मज ठाऊक आहे," सईबाई म्हणाल्या.

हरिणीने तमिळमध्ये विचारलं, मग घातलं कशाला? सईबाईंनी तिला नेहमीसारखं मराठीत बोल म्हणून दटावलं नाही. सोऱ्यातलं उरलेलं पीठ काढत शांतपणे म्हणाल्या,

"तू आलीस म्हणून घातलं. वेय्यिल येईतों तू राहणार नाहींस की."

सुष्मिता मुलीची बॅग भरायला आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही.